नामदार गोपाळ कृष्ण गोखले : त्यांचे विद्यार्थिजीवन व त्यांची सचोटी

महोत्सवाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र द्यावयाचे, हा प्रघात आपल्याकडे जुना आहे. बहुधा असे चरित्र एखाद्या संताचे किंवा धर्मगुरूचे असते. ह्या पानांसाठी आम्ही ज्यांचे चरित्र निवडले आहे, ते ना आपल्या धर्माचे, ना आपल्या वसई प्रांताचे. तथापि ते आपल्याच कोकणच्या मातीत जन्मले, गरिबीत शिकले, पुढे शिक्षक झाले आणि अखेरीस साऱ्या देशाचे पुढारी म्हणून मान्यता पावले. नामदार गोपाळ कृष्ण गोखले हे नाव न ऐकलेला मराठी मनुष्य विरळाच. परंतु त्यांच्या राजकारणाचा इतिहास सांगण्याचा आमचा हेतू नाही. त्यांच्या शाळकरी वयातील एक लहानसा प्रसंग आणि त्या प्रसंगातून दिसून येणारा त्यांच्या मनाचा घाट, हा आमच्या लेखाचा विषय आहे.

हा विषय निवडण्यास कारणही तसेच आहे. चांदीप काय किंवा भोवतालची गावे काय, मूल शाळेत जाऊ लागले म्हणजे आईबापांना एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवून घेतलेले गणित मूल आपले म्हणून दाखविते. चार सोबत्यांनी मिळून केलेली खोडी लपविण्यासाठी खोटे बोलते. आणि मग रात्री जेवताना त्याचा घास घशाखाली उतरत नाही. सोबत्यांना सोडावे तर एकटे पडावे लागते, न सोडावे तर मन खाते. मोठ्यांना ही गोष्ट क्षुल्लक वाटते. पण त्या बालजीवाला तीच डोंगराएवढी असते. अशा मुलापुढे आणि त्याच्या आईबापांपुढे गोखल्यांचे चरित्र ठेवणे आम्हास उपयुक्त वाटते.

जन्म व बाळपण

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात कोतळूक ह्या खेडेगावी झाला. त्यांचे घराणे चिपळूण तालुक्यातील ताम्हणमळा ह्या गावचे. वडील कृष्णराव हे स्वभावाने मानी. परंतु कोकणच्या खडकाळ जमिनीत कुटुंबाचा निर्वाह होईना, म्हणून घाट चढून ते कोल्हापूरजवळच्या कागल संस्थानात नोकरीस राहिले आणि प्रथम कारकून व पुढे फौजदार झाले. आई सत्यभामाबाई शिकलेल्या नव्हत्या. पण पुराणांतील कथा आणि अभंग त्यांच्या जिभेवर असत. कृष्णरावांना दोन पुत्र व चार कन्या. थोरले पुत्र गोविंदराव, धाकटे आपले चरित्रनायक.

कागलच्या शाळेत प्राथमिक शिक्षण आटोपून दोघे भाऊ इंग्रजी शिकण्यासाठी कोल्हापुरास गेले. इतक्यात १८७९ साली कृष्णरावांचे देहावसान झाले. गोपाळ त्या वेळी अवघा तेरा वर्षांचा. घरी मिळविते असे कोणी उरले नाही. तेव्हा गोविंदरावांनी स्वतःच्या शिक्षणावर पाणी सोडले आणि कागल येथे दरमहा १५ रुपयांची नोकरी धरली. त्यांपैकी ८ रुपये ते कोल्हापुरास धाकट्या भावाला पाठवीत आणि उरलेल्या ७ रुपयांत आई, बहिणी व स्वतःचा संसार ह्यांचा गाडा ओढीत. थोरल्या भावाचा हा त्याग गोपाळाने जन्मभर विसरला नाही. आणि त्याच्या पुढील वागणुकीचे मर्म समजून घ्यावयाचे तर आपणही तो विसरता कामा नये.

गणिताचा प्रसंग

आता आम्ही तो प्रसंग सांगतो. गुरुजींनी एके दिवशी मुलांना घरी करून आणण्यासाठी काही गणिते दिली होती. दुसऱ्या दिवशी वह्या तपासता ती सर्व बिनचूक सुटलेली अशी एकट्या गोपाळाची वही निघाली. गुरुजी प्रसन्न झाले. त्यांनी त्याची वाखाणणी केली आणि वर्गात पहिल्या जागी जाऊन बसण्यास त्याला सांगितले. वर्गातील पहिली जागा म्हणजे त्या काळच्या शाळेत केवढा मान! परंतु गोपाळ जागचा हलेना. त्याचे डोळे भरून आले आणि तो हुंदके देऊन रडू लागला. गुरुजी चकित झाले. कारण विचारता त्याने सांगून टाकले की, त्यांपैकी एक गणित त्याला स्वतःला सुटले नव्हते; ते त्याने दुसऱ्याच्या साहाय्याने केले होते; सबब ती शाबासकी आणि ती जागा त्याची नव्हे.

शाळेच्या क्रमिक पुस्तकांत हा प्रसंग अनेकांनी वाचला असेल. परंतु तो वाचताना एका गोष्टीकडे आपले दुर्लक्ष होते. त्या मुलावर कोणी आळ घेतला नव्हता. कोणाला संशयही आला नव्हता. तो गप्प राहता तर त्याला कोणी चोर म्हटले नसते. कारण घरी कोणाची तरी मदत घेणे हा त्या काळी काय आणि आज काय, मोठा अपराध गणला जात नाही. अपराध पुढेच घडावयाचा होता. दुसऱ्याच्या श्रमाचे फळ आपले म्हणून घेण्याची वेळ आली, तेव्हा कोठे मदतीचे रूपांतर लबाडीत होऊ लागले. गोपाळाच्या अंतःकरणाने नेमका तोच क्षण ओळखला. मदत घेताना तो रडला नाही. मान घेताना रडला. ह्या बारीक भेदातच त्याच्या सचोटीचे सारे रहस्य आहे, असे आम्हास वाटते.

दुसरीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. हे कबूल करण्यासाठी त्याला सगळ्या वर्गासमक्ष लहान व्हावे लागले. गरिबीत शिकणारा मुलगा. वर्गातील अव्वल जागा हेच अशा मुलाचे धन. ते आपखुषीने परत करणे हे मोठ्या माणसालाही जड जावे. मुलांच्या जगात उघडे पडण्याचे भय शिक्षेच्या भयाहून मोठे असते. छडीचा वळ दोन दिवसांत जातो. सोबत्यांचे हसू वर्षभर कानांत घुमते. हे जाणले म्हणजे त्या अश्रूंची किंमत कळते.

दोन आण्यांची गोष्ट

कोल्हापूरच्या विद्यार्थिदशेतील आणखी एक गोष्ट त्यांच्या चरित्रात येते. एका सधन सोबत्याने गोपाळाला आपल्याबरोबर नाटकास चलण्याचा आग्रह केला. गोपाळाला नाटकाची चैन परवडणारी नव्हती. पण सोबती नेत आहे, तोच खर्च करील, अशा समजुतीने तो गेला. काही दिवसांनी त्या सोबत्याने तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळाने वाद घातला नाही, आपली समजूत काय होती हेही सांगितले नाही. दोन आणे देऊन टाकले.

आजच्या वाचकास दोन आणे म्हणजे काहीच वाटणार नाही. म्हणून आम्ही हिशेब मांडून दाखवितो. आठ रुपयांचे आणे होतात १२८. महिन्याच्या तीस दिवसांत वाटले तर दिवसाला चार आण्यांहून किंचित अधिक येतात. त्यांतच जेवण, खोली, पुस्तके, फी आणि दिव्याचे तेल. तेव्हा दोन आणे म्हणजे अर्ध्या दिवसाचा संपूर्ण खर्च. ही तूट भरून काढण्यासाठी गोपाळाने घरी दिवा लावणे बंद केले आणि रस्त्यावरील कंदिलाच्या उजेडात बसून अभ्यास केला. भावाकडे जास्त पैसे मागणे त्याला सहज शक्य होते. खोटे कारण सांगून मागणे त्याहून सोपे होते. त्याने दोन्ही केले नाही.

सोबत्यांच्या आग्रहापुढे मान तुकविली म्हणजे कोठे जावे लागते, हे ह्या गोष्टीवरून मुलांच्या ध्यानी येईल. नाटकास जाणे हे काही पाप नव्हे. परंतु चारचौघांत नाही म्हणण्याचा संकोच वाटला, त्याचे मोल पुढे भरावे लागले. गोपाळाने ते मोल दुसऱ्याच्या खिशातून भरले नाही, एवढाच त्याचा मोठेपणा.

कॉलेज व शिक्षकी पेशा

१८८१ साली गोपाळराव मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले. कॉलेजच्या खर्चाचा प्रश्न आला तेव्हा वहिनींनी आपले दागिने पुढे केले, असे सांगतात. प्रथम कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, मग काही काळ पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि शेवटी मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज अशा ठिकाणी शिकून १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते बी. ए. झाले. अशा पदवीधराला सरकारी नोकरीची दारे त्या वेळी उघडी होती आणि घरच्या मंडळींचीही तीच अपेक्षा होती. परंतु गोपाळरावांनी १८८५ च्या आरंभी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कुलात दरमहा ३५ रुपयांवर शिक्षकाची जागा स्वीकारली. पुढच्याच वर्षी ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले आणि वीस वर्षे अल्प वेतनावर शिकविण्याच्या शपथेने त्यांनी स्वतःस बांधून घेतले. ह्याच सोसायटीने १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज स्थापिले होते. तेथे त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र असे नाना विषय शिकविले आणि कॉलेजच्या इमारतीसाठी सुट्टीच्या दिवसांत गावोगाव हिंडून वर्गणी जमविली.

येथे एक योगायोग नमूद करण्यासारखा आहे. एका गणितासाठी भर वर्गात रडलेल्या ह्या मुलाने पुढे शाळांसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिले. ते देशातील अनेक शाळांत लागले आणि त्याची भाषांतरेही झाली.

त्याच सुमाराची आणखी एक हकीकत आहे. शाळेच्या एका समारंभात दाराशी उभे राहून आमंत्रणपत्रिका पाहण्याचे काम तरुण गोपाळरावांकडे होते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे तेथे आले. त्यांच्यापाशी पत्रिका नव्हती. गोपाळरावांनी त्यांना आत सोडले नाही. शेवटी चालकांपैकी एकाने येऊन पाहुण्यांना आत नेले. न्यायमूर्ती रागावले नाहीत. पुढे ह्याच रानड्यांना गोपाळरावांनी गुरू केले आणि १८८७ पासून कित्येक वर्षे त्यांच्या हाताखाली सार्वजनिक कार्याचे धडे घेतले. रानडे आकडा न आकडा तपासून पाहण्यास लावीत. पुरावा असल्यावाचून एक वाक्यही लिहू देत नसत. ह्या कडक शिस्तीचा उल्लेख आम्ही हेतुपुरःसर करीत आहोत. कारण पुढे ज्या एका प्रसंगी ही शिस्त हातून सुटली, त्याच प्रसंगाने गोपाळरावांची खरी कसोटी पाहिली.

१८९७ ची कसोटी

१८९६ साली मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली आणि थोड्याच महिन्यांत ती पुण्यास पोहोचली. पुण्यात रँड ह्या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली गोऱ्या सोजिरांकडून घरोघर झडत्या घेण्यात आल्या. त्यामुळे लोकांत भयंकर संताप माजला. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंनी रँड व आयर्स्ट ह्यांच्यावर गोळ्या झाडल्या. आयर्स्ट तत्काळ मेले आणि रँड पुढे काही दिवसांनी वारले.

ह्या वेळी गोपाळराव विलायतेत होते. हिंदुस्थानच्या खर्चाच्या चौकशीसाठी नेमलेल्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्याकरिता ते तेथे गेले होते. अवघ्या तीस वर्षांच्या ह्या शिक्षकाने दिलेली साक्ष जाणत्यांनी वाखाणली होती. इकडे पुण्याहून त्यांना मित्रांची पत्रे येत होती. सोजिरांनी दोन स्त्रियांची विटंबना केली आणि त्यांपैकी एकीने त्यामुळे जीव दिला, असे त्यांत लिहिले होते. लिहिणारे विश्वासातले होते. गोपाळरावांचे अंतःकरण पेटले आणि त्यांनी ही गोष्ट तेथील पार्लमेंटच्या सभासदांपुढे व मँचेस्टर गार्डियन ह्या पत्रातून जाहीर केली. इंग्लंडात खळबळ उडाली. मुंबई सरकारने तो आरोप सपशेल नाकारला.

जुलैच्या अखेरीस गोपाळराव मुंबईस परतले. बोटीवरच पोलिसांच्या बड्या अधिकाऱ्याशी त्यांची गाठ पडली. तिकडे २७ जुलै रोजी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या आरोपावरून पकडण्यात आले होते. लोकांची मने प्रक्षुब्ध झाली होती. गोपाळरावांनी पत्रे लिहिणाऱ्या मित्रांकडे पुरावा मागितला. कोणीही पुढे येण्यास तयार नव्हते, किंवा पुढे येऊन सिद्ध करण्यासारखे त्यांच्यापाशी काही नव्हते.

आता त्यांच्यापुढे तीन मार्ग होते. पहिला, मौन धरावे आणि वादळ ओसरू द्यावे; लोक आपल्या बाजूचे होतेच. दुसरा, पत्रे लिहिणारांची नावे सरकारास सांगून आपण मोकळे व्हावे. तिसरा, जे सिद्ध करता येत नाही ते आपण बोललो, हे जगजाहीर कबूल करावे आणि त्याची सारी नामुष्की एकट्याने सोसावी. गोपाळरावांनी तिसरा मार्ग पत्करला. मित्रांची नावे त्यांनी सांगितली नाहीत. ऑगस्टच्या आरंभी वर्तमानपत्रांतून त्यांनी गव्हर्नर, प्लेगचे अधिकारी व सोजीर ह्या सर्वांची बिनशर्त क्षमा मागितली.

ह्याचे फळ काय मिळाले? एका बाजूस गोऱ्यांची पत्रे त्यांना खोटारडा म्हणू लागली. दुसऱ्या बाजूस स्वकीय त्यांना भित्रा म्हणू लागले. टिळकांनी तुरुंग पत्करला आणि ह्याने माफी मागितली, अशी तुलना जो तो करू लागला. त्याच वर्षी डिसेंबरात अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेथेही त्यांना उपेक्षा व अपमान सोसावा लागला. सार्वजनिक जीवन सोडून द्यावे की काय, असे विचार त्यांच्या मनात येऊन गेले.

ही माफी योग्य होती की अयोग्य, ह्याविषयी विद्वानांत आजही मतभेद आहेत. प्लेगच्या झडत्यांत लोकांना छळ सोसावा लागला, ही गोष्ट खरीच होती आणि तो राग खोटा नव्हता. गोपाळरावांनीही तो छळ झालाच नाही असे म्हटले नव्हते. जो विशिष्ट आरोप त्यांच्या तोंडून गेला व ज्याला पुरावा मिळाला नाही, तेवढाच त्यांनी मागे घेतला. माफीचे शब्द इतके लीन असावयास हवे होते काय, असे कोणी विचारील, तर त्या प्रश्नातही तथ्य आहे. आम्ही येथे न्यायाधीश होऊन बसलेलो नाही. आम्हास एवढेच दाखवावयाचे आहे की, शाळेतला तो विद्यार्थी आणि मुंबईच्या धक्क्यावर उतरलेला हा पुढारी, हे दोघे एकच होत. तेथे गणित दुसऱ्याचे होते. येथे ऐकीव हकीकत दुसऱ्याची होती. दोन्ही वेळा ती आपली म्हणून पुढे गेली आणि दोन्ही वेळा ती आपली नव्हे हे सांगण्याचे धैर्य त्यांनी केले. भेद एवढाच की, तेथे गुरुजींची मर्जी अधिकच जडली. येथे शिव्याशाप मिळाले.

हा भेद आम्ही मुद्दाम सांगतो. मुलांना सचोटीच्या ज्या गोष्टी आपण सांगतो, त्यांच्या शेवटी नेहमी बक्षीस असते. खरे बोलले की गुरुजी पाठ थोपटतात, राजा हार घालतो. मग मूल खरे बोलते आणि घरी मार खाते, किंवा सोबती त्याच्याशी अबोला धरतात, तेव्हा त्याला वाटते की गोष्ट सांगणारेच खोटे होते. म्हणून मुलांना अर्धी गोष्ट सांगू नये. खरे बोलण्याने कधी मान मिळतो, कधी जातो. आणि मान जाणार हे दिसत असताही जो खरे बोलतो, त्यालाच सचोटी म्हणजे काय हे ठाऊक असते.

राजकोटचा दुसरा विद्यार्थी

गोखल्यांची ही सचोटी ज्यांना विशेष मोलाची वाटली, त्यांत महात्मा गांधी अग्रगण्य होत. १८९६ साली पुण्यास दोघांची पहिली भेट झाली आणि गांधीजींनी त्यांना आपले राजकीय गुरू मानले. गांधीजी राजकोटच्या हायस्कुलात पहिल्या वर्षी शिकत असता, शाळातपासणीसाठी आलेल्या साहेबांनी मुलांना पाच इंग्रजी शब्द लिहावयास घातले. त्यांतील किटली ह्या अर्थाचा शब्द मोहनदासाने चुकविला. मास्तरांनी बुटाच्या टोकाने खूण करून शेजारच्याची पाटी पाहण्यास सुचविले. मोहनदासाला ते समजलेच नाही; मास्तर उभे आहेत ते मुलांनी एकमेकांचे पाहू नये म्हणून, अशी त्याची बालबुद्धी! परिणामी बाकी सर्वांचे सर्व शब्द बरोबर आणि हा एकटा मूर्ख ठरला.

परंतु हाच मोहनदास पुढे एका मित्राच्या नादाने घरच्यांपासून लपून मांसाशन करू लागला आणि आईला जेवण न जाण्याची खोटी कारणे सांगू लागला. खोटे बोलण्याची टोचणी सहन होईना, तेव्हा आईबाप हयात असेतो हे करावयाचे नाही असे त्याने ठरविले. पंधराव्या वर्षाच्या सुमारास थोरल्या भावाचे कर्ज फेडण्यासाठी त्याने भावाच्याच कड्यातील सोन्याचा तुकडा चोरला. अखेर सर्व हकीकत चिठ्ठीत लिहून ती आजारी वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी मारले नाही, रागे भरले नाहीत; त्यांच्या डोळ्यांतून अश्रू वाहू लागले आणि चिठ्ठी त्यांनी फाडून टाकली. एकाच मुलात किटलीचा निर्मळपणा आणि कड्याची चोरी दोन्ही असू शकतात, हे आईबापांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मूल एकदा चुकले म्हणून ते वाईट ठरत नाही. कबुली देण्यासाठी त्याला कोणाचे दार उघडे आहे की नाही, ह्यावर पुष्कळसे अवलंबून असते.

आपल्यापैकी प्रत्येकाला लहानपणी पश्चात्ताप, पापनिवेदन व परिमार्जन हे तीन शब्द शिकविलेले असतात. गोखल्यांच्या व गांधीजींच्या ह्या प्रसंगांत तिन्हींचा प्रत्यय येतो. शिवाय एक चौथी गोष्टही त्यांत आहे, ती अशी की, आपला दोष सांगताना त्यांनी दुसऱ्याचा दोष चव्हाट्यावर मांडला नाही. आपले पाप कबूल करणे निराळे आणि चुगली करणे निराळे. मुलांना सोबत्यांची भीती वाटते ती बहुधा ह्या दोहोंतील फरक न कळल्यामुळे. मी केले ते मी सांगतो, तुमचे तुम्ही पाहा, एवढे म्हणता आले तर मैत्रीही राहते आणि मनही स्वच्छ राहते. आणि ज्या मैत्रीला एवढेही सोसत नाही, ती गेली तरी फारसे बिघडत नाही.

उत्तरायुष्य

अपमानाने गोपाळराव खचले नाहीत. पुण्यात प्लेग पुन्हा उसळला तेव्हा त्यांनी स्वयंसेवक म्हणून आजाऱ्यांत राहून काम केले. १८९९ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले आणि पुढे वरिष्ठ कायदे कौन्सिलाचे सभासद झाले. १९०२ साली तेथे त्यांनी अंदाजपत्रकावर केलेल्या पहिल्याच भाषणाने सरकारपक्षही थक्क झाला. मिठावरील कर आणि रयतेचे दारिद्र्य ह्यांविषयी त्यांनी आकड्यांनिशी बोलून दाखविले. त्यांचे आकडे चुकीचे आहेत असे म्हणण्याची सोय कोणास उरत नसे. एकदा पोळलेल्या मनुष्याची ही दक्षता होती. त्याच वर्षी शपथेप्रमाणे सेवा करून ते फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली. सभासदाने सात प्रतिज्ञा घ्यावयाच्या असत. स्वतःच्या लाभाकडे न पाहणे, सर्व हिंदी लोकांना बंधू मानणे आणि कोणाशीही वैयक्तिक भांडण न करणे ह्या त्यांपैकीच होत. त्याच वर्षी बनारसच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. आठ वर्षांपूर्वी अमरावतीस ज्याची उपेक्षा झाली, त्यालाच सभेने उच्च आसनावर बसविले.

शाळेत जाणाऱ्या मुलांनी त्यांचे एक कार्य विशेष स्मरणात ठेवावे. मार्च १९११ मध्ये त्यांनी वरिष्ठ कौन्सिलापुढे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठविणे हळूहळू सक्तीचे व्हावे, असा त्याचा आशय होता. मार्च १९१२ मध्ये ते १३ विरुद्ध ३८ मतांनी नापास झाले. सरकार विरुद्ध होतेच. खेदाची गोष्ट ही की, आपल्यातीलही कित्येक सभासदांनी त्याला साथ दिली नाही. गोपाळरावांना हा पराभव आधीच दिसत होता. तरीही त्यांनी ते मांडले. सुमारे शंभर वर्षांनी, १ एप्रिल २०१० पासून, सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा आपल्या देशात अंमलात आला. चांदीपचे मूल आज पाठीवर दप्तर टाकून शाळेत जाते, त्या वाटेच्या आरंभी हा कोकणचा मनुष्य उभा आहे.

१९१२ साली गांधीजींच्या बोलावण्यावरून ते दक्षिण आफ्रिकेस गेले आणि तेथील हिंदी लोकांची दुःखे त्यांनी प्रत्यक्ष पाहिली. अतिश्रम व मधुमेह ह्यांनी त्यांची प्रकृती पोखरली होती. सरकारने १९१४ साली देऊ केलेली सर ही पदवी त्यांनी नम्रपणे नाकारली. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुण्यास त्यांचा अंत झाला. ज्यांच्याशी जन्मभर मतभेद राहिला, ते लोकमान्य टिळक सिंहगडावरून तातडीने स्मशानभूमीत आले आणि त्यांनी गोखल्यांचा मुक्तकंठाने गौरव केला.

वाचकहो, थोरांची चरित्रे वाचून कोणी एकाएकी थोर होत नाही. तथापि आपल्या घरातील मूल उद्या वही घेऊन जवळ येईल, आणि हे गणित मी केले नाही असे खाली मान घालून सांगेल, तेव्हा आपण हातचे काम क्षणभर बाजूला ठेवावे. त्याला रागे भरू नये आणि उगाच वाखाणूही नये. त्याच्याजवळ बसावे, ते गणित पुन्हा पाटीवर मांडावे आणि त्याला स्वतःला सोडवू द्यावे. गोखल्यांचे स्मरण करण्याची आम्हास ह्याहून चांगली रीत दिसत नाही.